सोळा पानांत न मावलेला शब्द

ती पुस्तिका मी विजेविना लिहिली, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. कॉम्प्युटरची पुस्तिका आणि विजेविना. पण तेव्हा गोंदियात दुपारची वीज गेली की तीन-चार तास यायची नाही. क्लासमधले आठही पडदे एकदम काळे व्हायचे, पंखा हळूहळू थांबायचा, मुलंमुली घरी जायची आणि मी खिडकीशी टेबल ओढून फुलस्केप कागदांवर पेन्सिलीने लिहीत बसायची. बाहेरचा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला असायचा. स्टेशनाकडून मालगाडीचे डबे एकमेकांना लागल्याचा आवाज यायचा, एकामागून एक, लांब जात विरणारा. त्या आवाजात डोळा लागायचा. अर्धवट झोपेत मला कॉम्प्युटरमधले तक्ते दिसत, पण ते आमच्या केशोरीच्या धानाच्या बांध्यांसारखे दिसत. चौकोनाला लागून चौकोन, मध्ये मातीचे धुरे. काही बांध्यांत धान, काहींत नुसतं पाणी आणि त्या पाण्यात आभाळ. जाग आली की मी पुन्हा पेन्सिल उचलायची.

मी मूळची केशोरीची. वडील शाळेत शिपाई होते, आई रोवणीला जायची. आमचं कुटुंब बौद्ध, आणि पोरांनी शिकायचं यावर आमच्या घरी कधी चर्चा झाली नाही, ते ठरलेलंच होतं. मी नागपूरला शिकले आणि गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यावर थोड्याच दिवसांत गोंदियाच्या एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले. नवा जिल्हा, नवी कार्यालयं. कॉम्प्युटर खोक्यांतून येत होते, पण ते चालवणारी माणसं खोक्यांतून येत नव्हती. ती आम्ही तयार करायची. क्लासच्या मालकांना सगळे भैयाजी म्हणत. ते आमच्याशी हिंदीतच बोलत. "मॅडम, बच्चे देहात के हैं. इतना सिखा दो कि कुर्सी पे बैठें तो डरें नहीं." एवढंच त्यांचं धोरण होतं आणि मला ते पटायचं.

माझा विषय डेटाबेस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: डेटाबेस म्हणजे मशीनमधलं रजिस्टर. उभे रकाने, आडव्या ओळी. प्रत्येक माणसाची एक ओळ. हजारो ओळींतून हव्या तेवढ्याच काढायच्या तर मशीनला एका ठरलेल्या भाषेत विचारावं लागतं. तिचं नाव एसक्यूएल. तिचे शब्द इंग्रजी आहेत, पण रोज लागतात ते थोडे. 'सिलेक्ट' म्हणजे दाखव. 'फ्रॉम' म्हणजे कुठल्या तक्त्यातून. 'व्हेअर' म्हणजे कुठल्या अटीवर. आमगावच्या बायांची नावं वयाप्रमाणे लावून दाखव, इतकं मागता आलं की पोरीच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा, तो पाहण्यासाठीच मी बहुधा इतकी वर्षं शिकवलं.

पण ही मुलं शिकून सालेकसा, देवरी, अर्जुनीसारख्या तालुक्यांच्या गावी जायची. तिथे इंटरनेट नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. क्लासमध्ये एक सातशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं, ते दाराला टेकण म्हणून जास्त उपयोगी पडे. तेव्हा मी भैयाजींना म्हटलं, मराठीत एक छोटी पुस्तिका करू. पर्समध्ये मावेल, खिशात मावेल अशी. ते लगेच तयार झाले, फक्त एका अटीवर. छापखान्यात मोठ्या तावावर एका वेळी सोळा पानं बसतात, त्याला फर्मा म्हणतात. "सत्रहवाँ पेज मतलब दूसरा फर्मा," ते म्हणाले. "सोलह में बिठाओ, मॅडम."

माझा पहिला खर्डा एकेचाळीस पानांचा झाला होता.

लोकांना वाटतं पुस्तक लिहिणं म्हणजे भर घालणं. मी ते दोन महिने फक्त काढत होते. प्रत्येक शब्दापाशी थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, आपली मुलगी तालुक्याच्या एका खोलीत मशीनपुढे एकटी बसली आहे, हा शब्द नसला तर तिचं अडेल का? अडणार नसेल तर काट. दोन तक्ते जोडण्याचे पाच प्रकार होते, दोन ठेवले. तारखांची आकडेमोड अर्ध्या पानात बसवली. तक्ता नव्याने बनवण्याचं प्रकरण सगळंच गेलं, कारण तक्ते मीच बनवून देत असे. काढलेले शब्द दुपारच्या त्या झोपेत परत यायचे. क्लासच्या पायरीवर चपला काढून, आत बोलावण्याची वाट पाहत उभे असल्यासारखे दिसायचे.

त्या काळात माझा एक विद्यार्थी होता, पटले काका. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, पहिल्या बाकावर बसणारे. नातवंडांना दाखवायचं होतं म्हणून शिकत होते. खर्डा त्यांनी लाल पेन घेऊन वाचला.

"मॅडम, हे डिलीट कायले ठेवलं?" ते म्हणाले.

"पुसायची आज्ञा आहे काका. लागते कधीतरी."

"वस्तरा न्हाव्याच्याच हातात बरा. पोरगं अट लिवाले विसरलं तं सारं रजिस्टर साफ."

त्यांचं खरं होतं. 'डिलीट' लिहिलं आणि 'व्हेअर'ची अट राहिली, तर मशीन सगळ्या ओळी पुसतं आणि एकदाही विचारत नाही. आम्ही दोन दिवस वाद घातला. शेवटी मी तो शब्द ठेवला, पण वर एक नियम घातला: आधी तीच अट 'सिलेक्ट' लावून चालवा, कोणत्या ओळी येतात ते डोळ्यांनी बघा, आणि मगच 'सिलेक्ट'च्या जागी 'डिलीट' लिहा. त्या नियमाने कित्येकांना वाचवलं असेल. त्याचा मला आजही अभिमान आहे. तो सांगितला की मग दुसरी गोष्ट सांगायला जरा बळ येतं.

दुसरी गोष्ट 'नल'ची.

तक्त्यातल्या ज्या घरात काहीच भरलेलं नाही, त्याला मशीनच्या भाषेत नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाही. आणि त्याची एक खोड आहे. इतर कुठल्याही गोष्टीसाठी आपण बरोबरचं चिन्ह लावून विचारतो, गाव बरोबर आमगाव. नलला तसं विचारलं तर मशीन एकही ओळ देत नाही. चूक झाली असंही सांगत नाही. तोंड बांधलेली दोन मडकी ठेवून कुणी विचारलं की दोन्हींत एकच वस्तू आहे का, तर आपण काय सांगणार? ठाऊक नाही. मशीनचंही तसंच, आणि जिथे ठाऊक नाही तिथे ते ओळ देत नाही. म्हणून चिन्हाच्या जागी 'इज' हा शब्द लिहावा लागतो. इज नल.

हे सगळं नीट सांगायला एक पूर्ण पान लागत होतं. वर्गात मी तो शब्द एकदाच उच्चारला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, नल में पानी कब आएगा?" सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि पुढच्या धड्याकडे वळले. छापखान्यात पानं लावली तेव्हा सतरा भरली. शेवटच्या पानावर क्लासची जाहिरात होती, ती भैयाजींची. पहिल्या पानावर कव्हरवरचंच पुस्तिकेचं नाव पुन्हा होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत माझं.

"पहिलं पान कायले वाया घालवता?" पटले काकांनी विचारलं होतं.

"काका, पुस्तकाला नाव तर लागतं," मी म्हटलं.

आणि नलचं पान काढलं.

केशोरीच्या शिपायाच्या मुलीचं नाव छापलं जात होतं. आईला ते बोटाने दाखवायचं होतं मला. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

कुंदा माझी विद्यार्थिनी, सालेकश्याची. शांत, टाइप करताना ओठ हलवणारी. ती पुस्तिका घेऊन गावी गेली आणि तिथे एका संस्थेत तिला काम मिळालं. संस्था जंगलातल्या टोल्यांवर, पाच-पंचवीस घरांच्या वस्त्यांवर, जाऊन सिकलसेलची तपासणी करायची. हा रक्ताचा आजार आहे, आईबापांकडून येणारा. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. हातपाय असह्य दुखतात, रक्त कमी होतं. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस फक्त वाहक राहतो, त्याला काही होत नाही, कळतही नाही. दोघांकडून आला तर मूल रोगी. आमच्या भागात, आदिवासी घरांत आणि आमच्या लोकांतही, हा पुष्कळ आहे. पूर्वी त्याला नाव नव्हतं, म्हणत, अंगात वारं शिरलं.

संस्थेचा तक्ता बनवून द्यायला मी सकाळच्या पॅसेंजरने सालेकश्याला गेले. फाल्गुन संपत आला होता. गाडीच्या खिडकीतून मोहाचा गोड वास येत होता आणि रुळालगतच्या झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या, सावल्यांसारख्या, न बोलता. संस्थेत देवकाबाई होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा. त्यांच्या कापडी पिशवीत सात वह्या होत्या. आधी घरोघरी फिरून माणसांची नावं लिहिलेली, मग रक्त तपासलं की नावापुढे निकाल. बऱ्याच नावांपुढे काहीच नव्हतं.

"हे काय, सिस्टर?" मी विचारलं.

"मोहाच्या दिवसात गेलं तं घरी कोण भेटते, मॅडम? नाव हाये, माणूस जंगलात. मंग मी जागा सोडून देते."

"मशीनमध्येही तशीच सोडा," मी कुंदाला सांगितलं. "रिकामी राहू दे. मागाहून भरू."

मीच सांगितलं ते.

नोंदी करायला कुंदासोबत आणखी दोघीजणी होत्या. वह्या कपाटात गेल्या, नावं मशीनमध्ये गेली. पाऊस लागायच्या आधी तपासणीचं पथक दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं, तेव्हा कुणी राहिलं का हे बघायचं काम कुंदाकडे आलं. जेठातल्या एका दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, आपलं काम झालं. मशीनले विचारली, कोणाचं बाकी हाये. एक बी नाव नाई आलं."

"शाब्बास," मी म्हटलं.

तिला मी विचारलं नाही, की कुंदा, कसं विचारलंस ते वाचून दाखव. एक वाक्य वाचायला कितीसा वेळ लागतो. पण माझ्या विद्यार्थिनीने तालुक्याचं रजिस्टर पूर्ण केलं होतं, माझ्या पुस्तिकेवरून, आणि मी त्या आनंदात आठवडाभर तरंगत होते.

पोळा होऊन गेला. धान पोटरीत यायला लागला होता. एके दिवशी सकाळी क्लासमध्ये असताना देवकाबाईंचा फोन आला. त्या गोंदियाच्या दवाखान्यातून बोलत होत्या, मला लगेच येता येईल का म्हणत होत्या.

व्हरांड्यात बाकावर त्या बसल्या होत्या. शेजारी बिरजाबाई नावाची एक गोंड बाई, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मुलगी सगनी. नऊ वर्षांची असेल, दिसत होती सहाची. तिचे डोळे पिवळे झाले होते. ती रडत नव्हती. पाय पोटाशी घेऊन, कुठेतरी लांब बघत, एका लयीत कण्हत होती. आई तिच्या पोटऱ्यांवरून हात फिरवत होती आणि हात लागला की मुलगी आणखी आखडत होती.

"चार दिवस झाले," देवकाबाई म्हणाल्या. "टोल्यावर झाडफूक करून राहिले होते. मले काल कळलं. डॉक्टर विचारून राहिले, आधी तपासलं होतं का. मी म्हटलं, रजिस्टर पूर्ण हाये, पाहून सांगते. कुंदाले फोन केला."

"काय निघालं?"

"सगनीच्या नावापुढं रिकामं हाये, मॅडम. मंग मी तिले कपाटातली माझी वही काढाले लावली. वहीत बी रिकामं." त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नव्हे, खरंच समजून घ्यायला. "पण मशीन तं म्हणे, कोणीच रिकामं नाई. असं काऊन झालं?"

मला ते त्या बाकावरच कळलं. मी म्हटलं, कुंदाने काय लिहिलं होतं ते विचारा. देवकाबाईंनी फोन लावून माझ्या हातात दिला. कुंदाने वाचून दाखवलं. सिलेक्ट नाव, फ्रॉम तपासणी, व्हेअर निकाल, आणि मग बरोबरचं चिन्ह, आणि मग नल.

"मॅडम, रिकाम्या घरात पडद्यावर तोच शब्द दिसते," ती म्हणाली. "म्हणून तो लिवली. बाकी पुस्तकातल्यावानीच लिवली. सहाव्या पानावर हाये तसं."

सहावं पान मला पाठ होतं. त्यावर एकही चूक नव्हती.

सगनीला भरती केलं. सलाइन लागलं, रक्त चढलं, तिसऱ्या दिवशी तिने पाय सरळ केले. डॉक्टरांनी बिरजाबाईला समजावलं की हा आजार जन्मभराचा आहे, पण गोळ्या, पाणी आणि काळजी घेतली तर मुलगी शाळेत जाईल, वाढेल. आधी ठाऊक असतं तर हे चार दिवस टळले असते, असं ते सहज बोलून गेले. त्यांना मी कोण हे ठाऊक नव्हतं.

तिला भरती केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सालेकश्याला गेले होते. कुंदा मशीनपुढे बसली होती, डोळे सुजलेले. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, चिन्ह खोड, तिथे इज लिही. तिने लिहिलं. बटण दाबलं आणि नावं उतरायला लागली. एकामागून एक, पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. बावन्न. कुंदा एकेक नाव ओठांनी वाचत होती.

"माझ्यामुळं झालं, मॅडम."

"नाही. तू पानावर होतं ते केलंस. नलचं पानच नव्हतं, ते मी काढलं होतं."

"काऊन काढलं?"

मी तिला खरं सांगितलं. माझ्या नावासाठी, म्हटलं. तिने यादी छापायला लावली.

पथक परत बोलावलं. ते यायच्या आत माणसं सापडायला हवी होती, म्हणून ती यादी घेऊन मी आणि देवकाबाई दहा-बारा दिवस टोल्यांवर फिरलो. मी क्लासमधून रजा घेतली होती. ते दिवस मला आजही धुक्यातून दिसावेत तसे दिसतात. ओली पायवाट, सागाच्या मोठ्या पानांवरून टपकणारं पाणी, कमरेपर्यंत आलेलं गवत. देवकाबाई पुढे, छत्री काखेत, नावं मोठ्याने घेत चाललेल्या. मी आयुष्यभर ओळी मोजल्या होत्या. आता एकेक ओळ घरातून बाहेर यायची, हात पुसायची, खाटेवर बसा म्हणायची. देवकाबाई गोंडीत बोलायच्या, मला चार शब्दांपलीकडे कळायचं नाही, पण नाव उच्चारलं की माणूस मान हलवायचा तेवढं कळायचं.

एका टोल्यावर इतवारीन हे नाव घेतलं तेव्हा कुणी पुढे आलं नाही. म्हातारा सासरा ओट्यावर दोर वळत होता. त्याने हात न थांबवता सांगितलं. सून श्रावणात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. मूलही गेलं. ताप होता म्हणे, अंग दुखत होतं म्हणे.

"सिकलसेल होतं का?" परतताना मी विचारलं.

"कोण सांगन?" देवकाबाई म्हणाल्या. "बाळंतपणात पन्नास कारणानं बाई जाते."

बावन्नांपैकी सतरा वाहक निघाले, सगनी धरून चार रोगी. बाकीच्यांच्या नावापुढे 'नाही' लागलं. इतवारीनपाशी येऊन कुंदा थांबली. "हिचं काय लिवू, मॅडम?" मी म्हटलं, रिकामंच राहू दे. तो तक्ता अजून असेल तर तिची जागा अजून रिकामीच असेल. मशीनच्या भाषेत ते अगदी बरोबर आहे. मला ते बरोबर आहे हे सहन होत नाही, इतकंच.

पुढच्या वर्षी पुस्तिका पुन्हा छापायची वेळ आली. मी पहिलं पान काढलं आणि त्या जागी नलचं पान टाकलं. कव्हर उघडलं की समोर तेच: रिकाम्या घराला कसं विचारायचं. भैयाजी पान उलटून-पालटून बघत राहिले. "मॅडम, आपका नाम किधर गया? लोग जानेंगे कैसे किसने लिखी?" मी म्हटलं, लिहिणारीचं नाव नसलं तरी कुणाचं अडत नाही. पटले काकांनी पुस्तिका हातात घेतली, पहिलं पान वाचलं, मान हलवली. या वेळी लाल पेन त्यांच्या खिशातच राहिलं. पुढे मोबाइलवर सगळं मिळायला लागलं, पुस्तिका मागायला कुणी येईनासं झालं, क्लासही बंद झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आता मुलीला कुठलंही पान शोधता येतं. फक्त ते शोधायला हवं हे तिला ठाऊक पाहिजे.

दुसरी आवृत्ती कुंदाला द्यायला मी सालेकश्याला गेले, तेव्हा संस्थेच्या अंगणात शिबिर चाललं होतं. मी झाडाखाली बसून बघत होते. देवकाबाई हात धुऊन माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, तुमचं रक्त पाहिलं का कधी?"

मी हसले. मग हसणं थांबलं. मी पस्तिशी ओलांडलेली होते, हजारो निकालांसाठी रकाना बनवला होता, आणि माझं नाव त्यातल्या कुठल्याही ओळीत नव्हतं. रिकाम्यांच्या यादीतही नव्हतं. जिथे ओळच नाही, तिथे इज नल लिहूनही काही येत नाही.

बोट पुढे केलं. पहिल्या चाचणीत काहीतरी आहे असं दिसलं, मग नेमकं काय ते बघायला नमुना पुढे गोंदियाला गेला. कुंदाने माझी ओळ भरली: नाव, वय, मूळ गाव केशोरी, निकालाची जागा रिकामी. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"मॅडम, तुमचं आलं."

"वाच."

"वाहक." मग घाईने, "त्यानं काही होत नाई मॅडम, तुमालेच तं ठाऊक हाये."

ठाऊक होतं. त्या सतरा वाहकांनाही आम्ही तेच सांगितलं होतं. तरी आईच्या दुखणाऱ्या सांध्यांपासून लहानपणी गेलेल्या एका बहिणीपर्यंत काय काय डोळ्यांपुढून गेलं. ती बहीण का गेली हे घरात कुणी सांगू शकत नव्हतं. वारं शिरलं होतं, एवढंच.

मी केशोरीला भावाला फोन केला. त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्याला म्हटलं, तिला घेऊन ये, रक्त तपासायचं आहे.

"कायले, ताई? चांगली तं हाये ते."

"मीही चांगलीच आहे," मी म्हटलं आणि त्याला सगळं सांगितलं. ही गोष्ट मी माझ्या घरात पहिल्यांदा बोलत होते.

ते दोघं सालेकश्याला आले. पुतणी खुर्चीत बसली, देवकाबाईंनी तिचं बोट कापसाने पुसलं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "आत्या, अन् काही नाई निघालं तं?"

"तर 'नाही' असं लिहायचं," मी म्हटलं. "पण लिहायचं."

भावाच्या पहिल्या चाचणीत काहीतरी दिसलं, नमुना पुढे गेला; मागाहून तो वाहक निघाला. पुतणीच्या चाचणीत काही निघालं नाही. त्या दिवशी भाऊ तिथेच उभा राहिला, शर्टाची बाही खाली करत, आणि मग त्याने देवकाबाईंना विचारलं, आमच्या गावात शिबिर कधी येते? देवकाबाईंनी पिशवीतून एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर वरती 'केशोरी' लिहिलं, आणि पेन हातात धरून भावाला म्हणाल्या, "सांगा. तुमच्या शेजारच्या घरापासून सुरू करा."